तासगावचे आबा वाइनच्या गावात

ऑक्टोबर महिन्यात द्राक्ष बागायतदार गाव सोडून कुठं जात नाही. हा फळछाटणीचा महिना. छाटणी चुकली की वर्ष चुकलं, हे ऐकतच मी तासगावजवळच्या आमच्या मळ्यात लहानाची मोठी झाले. माझ्या लग्नाची तारीखसुद्धा आबांनी छाटणी आणि बेदाण्याचा हंगाम सांभाळून काढायला लावली होती. गुरुजींचं त्यात फारसं चाललं नाही. त्यामुळे २००५ च्या ऑक्टोबरात आईनं फोनवर सांगितलं की आबांना तुझ्याकडे जर्मनीला पाठवतेय, तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला काळजीच वाटली.

कारण मला माहीत होतं. माझ्या धाकट्या भावाला, संदीपला, चार एकरांतली जुनी बाग काढून तिथं वाइनची द्राक्षं लावायची होती. एका वाइन कंपनीशी करार करायचा, माल ते नेणार, भाव आधीच ठरलेला. बाग आता म्हातारी झाली, माल कमी निघतो, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सातबारा आबांच्या नावावर आणि आबांच्या गळ्यात तुळशीची माळ. ज्या हातानं माळ घातली त्या हातानं दारूला द्राक्षं देणार नाही, असं ते एकदा म्हणाले आणि विषय त्यांच्यापुरता संपला. संदीपपुरता तो संपला नाही. उन्हाळ्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. एकाच सोप्यात बसून दोघं आईच्या मार्फत बोलायचे. ‘त्यांना सांग, चहा गार होतोय.’ ‘त्याला सांग, मला दिसतंय.’ शेवटी एक दिवस संदीपच्या तोंडून ‘मग वाटणी करून द्या’ हा शब्द गेला आणि आईनं घाबरून आबांचा व्हिसा काढला. कंपनीला दिवाळीनंतर उत्तर द्यायचं होतं.

आबा येऊन चार दिवस झाले नाहीत तोच संदीपचा मला फोन. आबा बाथरूममध्ये आहेत याची खात्री करून घेतली आणि म्हणाला, “अक्का, तुमच्याकडनं इटली किती लांब? वाइनचं एखादं गाव असलं तर दाखव की त्यास्नी. चांगली माणसं पण हा धंदा करत्यात एवढं दिसलं तरी पुरे.”

माहेरच्या जमिनीत लेकीनं तोंड घालू नये, अशी आमच्याकडे रीत. निरोप पोचवायला मात्र लेकच लागते. मी चिडले, नाही म्हणाले आणि फोन ठेवून मंदारला सुट्टीचं विचारलं.

मंदार म्हणजे माझा नवरा. स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन या उपनगरात गाड्यांच्या कारखान्यात डिझाइन विभागात आहे आणि कुठंही जायचं म्हटलं की आधी एक्सेल उघडतो. त्याच्या कँटीनमधल्या सिल्वियो नावाच्या मित्राची आत्या इटलीत वेरोनाजवळच्या डोंगरात राहते, स्वतःची वाइन करते आणि वरच्या दोन खोल्या भाड्यानं देते. गावाचं नाव सान जोर्जो, वाल्पोलिचेल्ला भागात. लेकीला, इराला, पहिलीतली हेर्ब्स्टफेरियन म्हणजे शरदातली सुट्टी होतीच. अडचण एकच होती की लक्ष्मीपूजन मधेच येत होतं. मग लक्ष्मीचा फोटो, वाती आणि फराळाचे डबेही गाडीत घेतले. आबांना सांगितलं, गार्डा नावाचं मोठं सरोवर बघायला जाऊ. आबा ‘बरं’ म्हणाले. इतक्या लवकर ते कधीच बरं म्हणत नाहीत, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

रविवारी पहाटे निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: स्टुटगार्टहून आठ नंबरच्या आउटोबानने, म्हणजे महामार्गाने, उल्म, तिथून सातने केम्प्टन आणि फ्युसेन, मग फेर्नपासचा घाट उतरून इन्सब्रुक आणि ब्रेनर. थांबत-थांबत दिवस जातो. ऑस्ट्रियाचं विनेट, म्हणजे काचेवर लावायचं टोलचं स्टिकर, सीमेच्या आधीच्या पंपावर घ्यावं, ब्रेनरचा टोल वेगळा द्यावा लागतो, आठ युरो. पेट्रोल ऑस्ट्रियात स्वस्त, तेव्हा टाकी तिथंच भरायची. नोव्हेंबरच्या तोंडावर जात असाल तर हिवाळी टायर लावल्याशिवाय फेर्नपासच्या वाटेला जाऊ नका. आम्हाला रस्ता कोरडा मिळाला, पण वरच्या शिखरांवर बर्फ होता आणि आबा टोपी सरळ करून ते बघत होते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही इन्सब्रुकच्या अलीकडे एका बाकावर बसून खाल्लं. शेजारच्या बाकावरच्या जर्मन आजींनी चटणीचं काय ते विचारलं, आणि इरानंच त्यांना जर्मनमध्ये सविस्तर समजावलं. आबांनी काही विचारलं की ती मराठी समजून घेते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. आबांना जर्मन येत नाही. तरी त्या दोघांचं काही अडत नाही.

ब्रेनर ओलांडून खाली उतरलं की आदिजे नदीचं लांबलचक खोरं लागतं. दोन्ही बाजूंना आधी सफरचंदाच्या बागा आणि मग द्राक्षंच द्राक्षं. पानं पिवळी-लाल झालेली. आबा काचेला नाक लावून बसले होते. “मांडव हाय की ह्यो,” ते स्वतःशीच म्हणाले. खरंच, तिथल्या जुन्या बागा आमच्यासारख्याच मांडवावर चढवलेल्या आहेत, फक्त उताराला धरून तिरप्या. त्रेंतोजवळ कॉफीला थांबलो तेव्हा आबांनी मला विचारलं, सरोवर कुठंय. मी म्हटलं, पुढं आहे. “आन ही द्राक्षं?” तीही पुढं आहेत, मी म्हटलं.

“संदीपनं सांगितलं न्हवं तुला?”

मंदारला अचानक टायरमधली हवा तपासायची आठवण झाली. मी हो म्हणाले. आबांसमोर खोटं बोलायची सवय मला कधीच लागली नाही, लागली असती तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. कॉफीत साखर घालून ढवळत राहिले आणि म्हणाले, “मला घरीच कळलं हुतं. तुझ्या आईनं पिशवी भरताना दोनदा डोळं पुसलं. नुसतं लेकीला भेटाया जाणाऱ्या माणसासाठी कोण रडतंय?” मग कप खाली ठेवून ते गाडीत जाऊन बसले.

सान जोर्जोला तिथले लोक गमतीनं ‘आळशाला फसवणारं’ असं म्हणतात. खालून गाव अगदी हाताशी वाटतं आणि चढायला लागलं की संपतच नाही. आफ्फीला मोठा रस्ता सोडून आम्ही वळणं घेत वर चढलो. दगडी घरं, दगडी छपरं, गल्ल्या एवढ्या अरुंद की आमची लांबडी कोंबी गाडी खाली चौकातच लावावी लागली. वर टोकाला हजार वर्षांपूर्वीचं चर्च आहे आणि त्याच्या कठड्यावरून गार्डा सरोवर दिसतं, तेव्हा मी अगदीच खोटं बोलले नव्हते.

सिल्वियोच्या आत्याचं नाव लुचिया. सत्तरीच्या आसपासची, बुटकी, खणखणीत आवाजाची. ती बोलायला लागली आणि आम्ही तिघंही बघतच राहिलो, कारण बाई अस्सल श्वेबिश, म्हणजे स्टुटगार्टकडची बोली, बोलत होती, आमच्या खालच्या बेकरीवालीसारखी. तरुणपणी नवऱ्याबरोबर पंधरा वर्षं त्सुफेनहाउझेनलाच होती. दोघं कारखान्यात राबले आणि त्या पैशातून इथला हा उतार विकत घेतला. आम्ही ज्या स्टेशनावर रोज उतरतो त्याच्यामागे तिची खोली होती. रात्रीचे पन्नास युरो, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, शिवाय सकाळी तिनं स्वतः भाजलेला ब्रेड. स्वयंपाकघर असणं आमच्यासाठी फार महत्त्वाचं होतं, का ते पुढं कळेलच.

सोमवारी सरोवर पाहिलं, बार्दोलीनो गावात काठानं फिरलो आणि दुपारी खालच्या गावातल्या एका खानावळीत जेवायला बसलो. मंदारनं मालकाला तीन-तीनदा विचारून घेतलं की भातात मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणीसुद्धा नको. मालकानं छातीवर हात ठेवून कबूल केलं. भात आला तो जांभळा. आबांनी ताटाकडे पाहिलं, चमचा उचलला आणि कौतुकानं विचारलं, कोकम घातलंय का. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा इथला प्रसिद्ध पदार्थ, आमारोने नावाच्या वाइनमध्ये शिजवलेला भात. आपण शाकाहारी माणसं कोंबडीची चौकशी करतो, भाजीच्या चमच्याची करतो, भात कशात शिजवला हे विचारायचं कुणाच्या बापाला सुचतं? मी ताट ओढून घेतलं. आबांनी ब्रेड आणि चीजवर जेवण उरकलं आणि मंदारनं दोन माणसांचा जांभळा भात मान खाली घालून संपवला. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी मुगाची खिचडी टाकली.

मंगळवारी लक्ष्मीपूजन. त्याच दिवशी तिथं सगळ्या संतांचा सण असतो आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्यांचा. गावात जिकडंतिकडं शेवंतीच्या कुंड्या दिसत होत्या. सकाळी लुचियानं विचारलं, माळा बघायचा का. मला वाटलं तळघर दाखवेल, पिंपं दाखवेल आणि आबा बाहेरच थांबतील. पण ती आम्हाला वर घेऊन गेली, छपराखालच्या लांब माळ्यावर. दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघड्या, आणि मधे एकावर एक वेताच्या चौकटी, त्यांवर काळ्या द्राक्षांचे घड पसरलेले. सुरकुतायला लागलेले. इथली वाइन अशीच होते. सप्टेंबरात तोडलेली द्राक्षं जानेवारीपर्यंत वाळवतात आणि मग गाळतात.

आबा दारातच थांबले. दीर्घ श्वास घेतला. मलाही तो वास आला. मार्च महिन्यातली आमची शेड, दुपारचं ऊन, जाळीवर पसरलेला माल आणि मी दप्तर टाकून थेट तिकडं पळालेली, हे सगळं त्या वासात होतं.

“ह्यो तर बेदाणाच की,” आबा म्हणाले.

मग ते आत शिरले आणि मला दुभाषी म्हणून काम उरलं नाही. आमच्याकडे माल द्रावणात बुडवून काढतात, पंधरवड्यात वाळतो. इथं नुसता वारा, म्हणून हे लोक तीन-चार महिने थांबतात, एवढं मी सांगितलं. बाकी हातांनीच झालं. लुचिया घड उचलून उजेडात धरी, बुरशी आलेला मणी खुडून बादलीत टाकी. रोज सकाळी एक फेरी ती अशी करते, नाहीतर एका नासक्या मण्यानं चौकट जाते. आबांनी थोडा वेळ पाहिलं, बाह्या वर केल्या आणि चौकटीच्या दुसऱ्या बाजूनं तेच सुरू केलं. दोघं समोरासमोर, एकमेकांकडे न बघता, माळ्याच्या टोकापर्यंत गेले. मधेच तिनं त्यांना एक सुकलेला मणी दिला. आबांनी तो चघळला, बिया तळहातावर काढून पाहिल्या आणि मला म्हणाले, गोड हाय, पण बी हाय. बेदाणा करून विकता येणार न्हाई.

खाली आल्यावर लुचियानं पेले मांडले. आबांनी हात जोडून नको म्हटलं, गळ्यातली माळ दाखवली. तिनं स्वतःच्या गळ्यातला क्रूस दाखवून मान डोलावली, म्हणजे तिला जे समजलं ते समजलं. मंदार म्हणाला, माझं पोट जरा बरं नाही. सासऱ्यांसमोर पेला हातात धरायची त्याची काय बिशाद. आबांनी त्याच्याकडे पाहिलं. “घ्या मंदारराव. काल ताटभर भात खाल्ला तवा पोट बरं हुतं.” मंदारचे कान लाल झाले. त्यानं पेला घेतला आणि औषध घ्यावं तसं एका घोटात संपवला, तेव्हा लुचियाला फार वाईट वाटलं. ती वाइन चार वर्षं पिंपात मुरलेली होती.

संध्याकाळी खोलीतल्या ड्रॉवरच्या कपाटावर मी पूजा मांडली. लक्ष्मीचा फोटो, थोडी नाणी, करंज्या, चकल्या, आणि पणत्या नव्हत्या म्हणून सुपरमार्केटमधल्या छोट्या मेणबत्त्या. ओळीनं लावल्या, दिवे मालवले. इरा परकर-पोलकं घालून बसली होती. तेवढ्यात दार वाजलं. लुचिया हातात बिस्किटांची ताटली घेऊन उभी. त्या दिवसांत मेलेल्यांच्या नावानं करतात ती बदामाची बिस्किटं. तिनं मेणबत्त्यांची रांग पाहिली, तिचे डोळे भरले, ताटली माझ्या हातात देऊन ती खाली गेली. परत आली ती नवऱ्याची फ्रेम घेऊन. आणि आम्ही काही म्हणायच्या आत ती तिनं लक्ष्मीच्या शेजारी ठेवली.

आम्हीही आमच्या मेलेल्यांसाठीच दिवे लावलेत असं तिला वाटलं होतं. तिच्या गावात त्या संध्याकाळी दुसऱ्या कशासाठी कोण दिवे लावणार? लक्ष्मीपूजनाला, लक्ष्मीच्या मांडीला मांडी लावून गेलेल्या माणसाचा फोटो! आईनं हे पाहिलं असतं तर तिनं मला घरातून काढलं असतं. आमच्यात आबाच सगळ्यांत कडक. मी जर्मनमध्ये कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, तोवर आबांनी विचारलं, बाई काय म्हणत्यात. मी सांगितलं.

आबांनी फोटोकडे पाहिलं. “ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “घर त्याचं हाय.” आणि लक्ष्मीला वाहिलेल्या फुलांतलं एक उचलून त्यांनी त्या फ्रेमपुढं ठेवलं. लुचियानं क्रूसाची खूण केली. मंदारनं आरती म्हटली, जरा दबक्या आवाजात. ती संपेपर्यंत लुचिया हात जोडून उभी होती.

मग करंज्या खात सगळे खाली फरशीवरच बसलो. आबांनी मला विचारायला सांगितलं की मालक कशानं गेले. हृदयाचा झटका, ती म्हणाली, आठ वर्षं झाली. आणि मग कुणी न विचारता ती पुढं बोलत गेली. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. मुलगा आहे, पाओलो, खाली दरीतल्या गावात राहतो. तो शेतकी शाळेत शिकून आला तेव्हा त्याला जुने मांडव काढून तारेवरच्या ओळी लावायच्या होत्या. नवरा म्हणाला, माझ्या हातानं लावलेला मांडव मी काढू देणार नाही. पाच-सहा वर्षं त्यावरून भांडण चाललं. रविवारच्या जेवणाला दोघं एकमेकांना मिठाची बाटली मागायचे नाहीत, मला मागायचे. इथं मी थांबले. आबा म्हणाले, पुढं सांग.

नवरा गेला. वर्षाच्या आत पाओलोनं मांडव काढले आणि तारा लावल्या. लुचिया म्हणाली, मी काही बोलले नाही, जमीन आता त्याचीच. पण तो अजून त्या ओळींतून चोरासारखा चालतो. बाप मरायची वाट बघितली, असं त्याला वाटतं. गावातलं कुणी तसं म्हणत नाही, मी तर कधीच म्हटलं नाही. तोच स्वतःला म्हणतो.

मी शेवटचं वाक्य सांगितलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. “हे तू तिला बोलायला लावलंस का?”

“नाही आबा. इराची शपथ.”

“लेकराची शपथ घेऊ नये,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला हे मला कळलं. मग त्यांनी लुचियाला एकच विचारायला सांगितलं: नव्या ओळींना माल चांगला लागतो का. ती म्हणाली, हो, हो, चांगला लागतो. जुन्या मांडवालाही चांगलाच लागायचा. मला वाटलं होतं की ती कुणाचीतरी बाजू घेईल. मी एवढ्या लांब आले होते ती, खरं सांगायचं तर, संदीपची बाजू जिंकावी म्हणून. ते उत्तर मला अजिबात उपयोगाचं नव्हतं, पण मी ते आहे तसं आबांना सांगितलं.

सकाळी आबा खोलीत नव्हते. खिडकीतून पाहिलं तर ते खाली ओळींमध्ये होते आणि त्यांच्याबरोबर चाळिशीचा एक उंच माणूस. पाओलो, आईला घेऊन स्मशानात जायला आला होता, हातात शेवंतीची कुंडी तशीच. आबा मधोमध चालत होते आणि तो बाजूनं, कडेकडेनं. आबांनी एका खोडाशी वाकून काहीतरी विचारलं, त्यानं कुंडी खाली ठेवली आणि बोटांची कात्री करून दाखवली, इथं कापायचं, इथं फुटव्याचे दोन डोळे ठेवायचे. आबांनी मान हलवली, त्याचं बरोबर वाटलं नसावं. मग त्यांनी स्वतःच्या बोटांची कात्री करून दाखवली. तो हसला. परत येताना दोघं शेजारी-शेजारी चालत होते, एवढं मात्र मी पाहिलं. ते काय बोलले ते मला कधीच कळलं नाही, त्यांनाही कळलं नसेल.

दुपारी निघालो. लुचियानं आबांना वाळलेल्या द्राक्षांचा एक घड कागदात बांधून दिला आणि आबांनी तिला डब्यातल्या उरलेल्या सगळ्या चकल्या. मंदारनं दोन बाटल्या घेतल्या होत्या आणि त्या कुठं ठेवाव्यात या विवंचनेत तो डिकी उघडून उभा होता. आबांनी स्वतःचा जाडा स्वेटर काढून दिला, गुंडाळा यात, म्हणाले, फुटल्या तर गाडीभर वास येईल. परतीच्या वाटेवर ब्रेनरला बर्फ भुरभुरत होता, गाड्यांची रांग लागली होती, इरा ‘वी लांगं नॉख’ म्हणजे अजून किती वेळ, हे विचारून थकून झोपली.

जाऊन आल्यावर लोक विचारतात, आवडलं का, जावं का. जावं, आणि ऑक्टोबरच्या शेवटीच जावं, कारण तेव्हा पर्यटक नसतात आणि माळे भरलेले असतात. ओळख काढून एखाद्या घरात उतरावं. भात मागवताना तो कशात शिजवलाय ते विचारावं. माझ्यापुरतं म्हणाल तर मी वाद जिंकायला गेले होते आणि वादच कुठं हरवला ते कळलं नाही. तारेवर की मांडवावर, बेदाणा की वाइन, दोन्हीला माल लागतो. हे संदीपला फोनवर सांगून पटलं नसतं आणि आबांना तर नाहीच नाही. घरी आल्यापासून मी कॉलिंग कार्डाकडे बघत होते, पण नंबर फिरवायचा धीर होत नव्हता. आबांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर ते सांगायचं काम पुन्हा माझ्याच वाट्याला आलं असतं.

भाऊबीजेला सकाळी संदीपचाच फोन आला. माझ्याशी दोन शब्द बोलून तो थांबला. मी काही न विचारता फोन आबांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला. पलीकडे संदीप आहे हे त्यांना माहीत होतं आणि इकडे आबा आहेत हे संदीपला श्वासावरून कळलं असणार.

“चार एकरांत तुला काय लावायचं ते लाव,” आबा म्हणाले. “मला पटलेलं न्हाई. मी त्यातला थेंब घेणार न्हाई. पण मी मरायची वाट बघू नगंस. मी हाय तवर लाव. चुकलं तर शिव्या द्यायला मी हाय, बरोबर आलं तर बघायला पण मी हाय.”

मग संदीपचा आवाज, एवढा बारीक की मला जवळ सरकावं लागलं. तो म्हणाला, मग तुम्ही आल्यावरच जुनी बाग काढतो, आबा. तुमच्यासमोर.

“नगं,” आबा म्हणाले. “मी यायच्या आत काढ. ती तुझ्या आईनं आन मी लावलीया. पडताना मला बघवायची न्हाई.”

आणि फोन माझ्या हातात देऊन ते इराला खेळाच्या मैदानातून आणायला गेले, टोपी न घालताच.